माफीनाम्याची भाषा

पत्रकारांमध्ये तिला सगळे गिरमिट म्हणत. समोरच्याला एकदा प्रश्नाचं टोक लावलं की आरपार गेल्याशिवाय ती थांबायची नाही. तिच्या पुस्तकांमुळे औषधात भेसळ करणारा एक कारखानदार आत गेला आणि पडलेल्या पुलाच्या ठेकेदाराची पळता भुई थोडी झाली. लोक तिला निर्भीड वगैरे म्हणत. खरं सांगायचं तर ती निर्भीड कमी आणि डूख धरणारी जास्त होती. आणि ज्याच्यावर तिचा मुख्य डूख होता, तो गळ्यात हार घालून व्यासपीठांवर मिरवत होता.

तो म्हणजे तिचा पहिला संपादक. त्याच्या हाताखाली ती ऐन उमेदीत लागली. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लेकीच्या नावाची बातमी आली की पेपर दुकानाच्या काचेला चिकटवायचे आणि गिऱ्हाइकाला ती वाचायला लावूनच घड्याळ हातात द्यायचे.

मग कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला आणि तो चालवणारा कामगार जागीच गेला. मालकानं हात वर केले, म्हणाला माणूस प्यायलेला होता. कामगाराच्या बायकोनं गिरमिटला घरात बसवून सांगितलं, "दारूला त्यांनी कधी हात लावला नाही, ताई. वाफ सोडणारी झडप अडकते म्हणून मालकाच्या मागे लागले होते. मालक म्हणाला, तारेनं बांध आणि काम चालू ठेव." आणखी दोघा कामगारांकडून गिरमिटनं तेच वदवून घेतलं, कारखान्याला फोन करून त्यांची बाजूही विचारली आणि बातमी छापून आली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी माफीनामा आला. मी ऐकीव गोष्टींवर विसंबले, मयत कामगार नशेतच होता, वगैरे वगैरे, आणि खाली तिचं नाव. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. इतरांसारखाच तिनंही तो सकाळच्या चहाबरोबर वाचला.

वडिलांनी तो दुकानात, गिऱ्हाइकासमोर वाचला. ओलं फडकं घेतलं आणि काचेवरचे सगळे पेपर खरवडून काढले. पुढं लवकरच ते गेले. लेक खोटारडी ठरलेली असताना गेले, हे तिला कधीच पचलं नाही. कामगाराच्या बायकोला भरपाई नाकारली. तिच्या मुलांना शाळेत बेवड्याची पोरं म्हणू लागले. गिरमिट तिच्याकडे गेली तेव्हा तिनं तोंडावर दार लावलं. "तुम्ही सांगा म्हणालात म्हणून मी सांगितलं. पुन्हा तोंड दाखवू नका."

त्यानंतर कुठल्याही पेपरनं गिरमिटला दारात उभं केलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासत तिनं पहिलं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून तिचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्यासमोर बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तो जे बोलेल ते, एक शब्दही न कापता, पुस्तकात घालायचं. या वाचनाला भले भले टरकायचे.

इतक्या वर्षांनी त्या कारखान्याचा जुना व्यवस्थापक तिच्याकडे आला. माफीनामा मालकाच्या केबिनमध्ये तयार झाला होता, असं त्यानं सांगितलं. गिरमिटनं प्रकरण लिहून काढलं. प्रकाशकाच्या वकिलानं मात्र मान हलवली. "हा एकटा माणूस सांगतोय. संपादक स्वतः कबूल करत नाहीत तोवर हे प्रकरण आत जाणार नाही."

ती संपादकाच्या घरी गेली. गडी अजून ठणठणीत होता. भिंतभर मानपत्रं, टेबलावर 'पत्रकारितेतील नीती' या व्याख्यानाची पत्रिका. तिनं रेकॉर्डर त्याच्यासमोर ठेवला, चालू केला, तसं सांगितलंही.

"वाच, वाच," तो म्हणाला. "बघू तरी शिष्या काय शिकलीय."

ती वाचत गेली. तो मिशीत हसत ऐकत होता. मालकाचं नाव आलं, त्यानं खांदे उडवले. व्यवस्थापकाचं आलं, "कोण हा?" म्हणाला. मग ती त्या वाक्यापाशी आली. "माफीनामा संपादकांनी स्वतःच लिहिला. तो इतका गचाळ आणि पाल्हाळिक होता, की एखाद्या नवशिक्यालाही लाज वाटावी."

हे वाक्य खोटं होतं आणि तिनं ते मुद्दाम घातलं होतं. माणूस गुन्हा कबूल करत नाही, पण दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं.

संपादक ताडकन उठला. "मी? असलं गबाळं वाक्य मी उभ्या जन्मात लिहिलं नाही! अगं, तो मजकूर कारखान्यातून आला होता, जसाच्या तसा. मी म्हटलं होतं त्यांना, निदान भाषा तरी नीट करू द्या. मालक ऐकेना. मी फक्त खाली तुझं नाव घातलं."

बोलून झालं आणि मग त्याला कळलं. तो हळूच खाली बसला.

"हे एवढं काप," तो म्हणाला. "मी तुला घडवलंय गं."

"उत्तर मी कापत नाही, साहेब. एक शब्दही नाही." तिला आतून गार वाटत होतं. दया यावी म्हणून ती क्षणभर थांबली. आली नाही. तिनं रेकॉर्डर उचलला.

तिथून ती थेट कामगाराच्या बायकोकडे गेली. बाई आता पिकली होती. दाराची साखळी न काढता तिनं फटीतूनच सगळं ऐकलं. संपादकाचा आवाज दोनदा लावायला सांगितला.

"हा माणूस जिवंत आहे?"

"आहे."

"डोळ्यांनी दिसतं त्याला?"

"चष्मा लावून वाचतो अजून."

"बरं झालं," बाई म्हणाली आणि तिनं साखळी काढली. "छापा. आणि अक्षर मोठं ठेवा."