गार बरणी

मनीमाजऱ्याचे बाऊजी आज पहाटे गेले, आणि मला रडू यायच्या आधी भीती वाटली.

एक गोष्ट त्यांना सांगायची होती. गेली दोन वर्षं सांगायची होती.

बाऊजी कुंभार. मी तेव्हा डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट पॉटरीचं, म्हणून त्यांच्याकडे शिकायला जायचे. बाबांची पोस्टिंग चंदीगडला, म्हणून कॉलेजही इथलंच; मनीमाजरा याच शहरात. मातीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सोबत एक जर्नल भरायचं होतं. कोणी काय सल्ला दिला, तू काय बदललंस.

आता सल्ला ऐकणं माझ्या रक्तातच नाही. बाऊजी सांगायचे, "बेटा, ज़ोर मत लगा." मी जोर लावायचे. चाकावरचं भांडं बदकन बसायचं. ते हसायचे आणि नवा गोळा द्यायचे.

तीन महिन्यांत मी ऐकायला शिकले. खरंच शिकले. जर्नल भरत गेलं.

त्यातला एक सल्ला असा: भट्टीत ठेवण्याआधी भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत ओल आहे. ओलं भांडं भट्टीत फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं.

ज्युरी, म्हणजे प्रोजेक्टची शेवटची परीक्षा, सोमवारी होती. शुक्रवारी भट्टी लागणार होती.

करवा चौथ तोंडावर आलेली. भट्टीत बाऊजींचे करवे, म्हणजे पूजेची तोटीवाली छोटी मडकी. त्यांच्यामध्ये माझ्या सहा बरण्या.

सहावी जाड बुडाची होती. गालाला लावली. गार.

परत लावली. गारच.

ज्युरीला सहा सांगितल्या होत्या. पाच नेल्या तर वर्ष गेलं, एवढंच डोक्यात.

"गाल से लगाया?" बाऊजींनी विचारलं. एरवी प्रत्येक भांडं ते स्वतः बघायचे.

"हां जी. पक्का."

"चल, अब तू सीख गयी." आणि त्यांनी न बघता ती आत ठेवली.

तासाभराने आतून फट् असा आवाज आला. कोणती फुटली ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. करव्यांची अख्खी रांग तडकलेली, शेजारची माझी आणखी एक बरणीही. तडा गेलेला करवा पूजेला कोणी घेत नाही.

बाऊजी माझ्या बरणीचं बूड हातात घेऊन कितीतरी वेळ बसले.

"मुझे देखना चाहिए था. गलती मेरी है."

मी खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागले.

सोमवारी चारच बरण्या नेल्या. बाकीच्या दोन कुठे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. जर्नलवर शेरा आला, 'सल्ला छान घेतेस.'

त्यानंतर बाऊजींनी भट्टी रचली नाही. ते काम मुलाकडे दिलं आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसायला लागले.

"अब अंदाज़ा नहीं रहा, बेटा," म्हणायचे.

आईला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अगं, जा आणि सांगून टाक. रागावतील, दोन शब्द बोलतील, संपलं."

तोही सल्ला मी ऐकला नाही.

आता माझं ऑफिस आयटी पार्कात. तिथून मनीमाजरा दहा मिनिटं. रिक्षात वाक्य पाठ करायचे. पोचले की चहा, तब्येतीची चौकशी, आणि परत. आज नको, पुढच्या वेळी.

आज दुपारी गेले. अंगण माणसांनी भरलेलं. त्यांच्या मुलाला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देईल.



तो म्हणाला, "दो साल से मैं ही उनको बोलता रहा, बाऊजी, आपकी उमर हो गयी. आप से नहीं होगा."

आणि तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

बाऊजी, तुमचा अंदाज बरोबर होता. खोटं मी बोलले होते.

माझा शेवटचा नमस्कार.