गोदेत पालथी केलेली परडी

"अगं, लेकराच्या जिभेला भंडारा लाव! हात झडले का तुझे?"

शहागडच्या घाटावर अम्मा ओरडली. अम्मा म्हणजे आम्हा हिजड्यांची गुरू. तिच्या आवाजानं गोदावरी दोन हात मागं सरली, मी डोळ्यांनी पाहिलं. समोर एक म्हातारी तापानं फणफणलेला तान्हा नातू घेऊन उभी होती, आणि माझा हात देवीच्या परडीत, हळदीच्या भंडाऱ्यावर थिजला होता.

कारण सांगते. आठ वर्षं मी सराईत मुक्कामाला उतरणाऱ्या गाडीवानांपाशी निजून पोट भरत होते. त्यातून जडलेल्या रोगाचा ठणका असा, की वैद्य दारातूनच हाकलायचा. अफूची गोळी घेतली की अंग कुणा दुसरीचं वाटायचं. पुढं ठणका नसला तरी गोळी लागायची. हत्ती निजेल एवढी खायचे म्हणा. अम्मा माझी चोळीसुद्धा झटकून बघायची, पण देवीच्या परडीत हात घालायची छाती तिचीही नव्हती. म्हणून गोळी तिथं, भंडाऱ्याखाली. त्या दिवशी ती काळी गोळी उन्हानं पाघळून भंडाऱ्यात कालवली गेली होती.

जन्मभर थापा मारल्या, पण त्या इवल्या उघड्या तोंडापुढं एकही सुचेना. मी परडी नदीत पालथी केली.

"आईला बुडवलंस गं, रांडे!" अम्मानं झिंज्या उपटल्या आणि मला तिथंच टाकून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गोळीवाचून अंग पिळवटलं. ओकाऱ्या, जुलाब, कापरं. चिंचेखाली मरायलाच पडले होते, तर तीच म्हातारी आली. तिनं मला गोठ्यात नेलं, नऊ दिवस ज्वारीची पेज पाजली, माझं घाण लुगडं आपल्या हातानं धुतलं. जन्मदात्या आईनं माझ्या लुगड्याला कधी हात लावला नव्हता. नातवाचा ताप उतरला, तसा तो माझ्याच मांडीवर खेळायला लागला.

ठणका आजही आहे, अफू नाही. इतकी वर्षं परडी घट्ट धरून बसले होते. ती हातची गेली, तेव्हा कुणीतरी मला धरलं. एवढं मात्र मी वाढवून सांगत नाही.

निघताना पाया पडून विचारलं, "आई, खरं सांगा, देवीनं तुमाला दृष्टांत दिल्ता ना? न्हाईतर माझ्यासारखीला कोण उचलतंय?"

"न्हाई," ती म्हणाली. "भंडारा काळा पडल्ता. दिसला मला."