कासारणीला वर काय द्यायचं

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तलवाड्याहून कासारीण आमच्या घरी आली, तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. जनावरं सगळी छावणीवर, त्यामुळे गावच्या सहकारी दूध संस्थेचे कॅन रिकामे पडलेले. संस्थेनं तेच सभासदांना पाणी साठवायला दिले होते. आमच्या वाट्याचे दोन कॅन टँकरवर भरून आईनं माझ्या हळदीच्या अंघोळीसाठी झाकून ठेवले होते.

धारा काढून काढून माझे पंजे चांगलेच रुंद झालेले. काकू म्हणाली, "हिला मोठाल्याच बांगड्या लागतील."

"नवरीच्या हाताला बांगडी बसाया पायजे, लोंबाया न्हाई," कासारीण म्हणाली. माझा हात मांडीवर घेऊन ती तासभर एकेक बोट दाबत, वळवत राहिली. दोन्ही हात हिरवे झाले, पण तिनं एकही बांगडी वाढू दिली नाही, साधा तडासुद्धा नाही.

मी वाकून नमस्कार केला. आईनं बांगड्यांचे पैसे दिले आणि स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली.

"पैसे दिलेत न्हवं? मग वर आनखी कावून?" काकू विचारत होती.

"लेकीचा हात धरलाय तिनं. खण तरी देते," आई म्हणाली.

मी कासारणीसमोरच बसले होते. ती पदराआडून सारखं डोकं खाजवायची आणि मी बघतेय म्हटलं की लाजून हात खाली घ्यायची.

"मावशी, न्हाऊन किती दिवस झाले?"

"इचारू नको लेकी. पंधरा दिस झाले आसतील. प्यायलाच पुरंना."

मी उठले आणि एक कॅन ओढत तिच्यापुढे आणला.

"अगं माय!" काकू ओरडली. "नवरी काय कोरडी ऱ्हाती का?"

"एका कॅनात निघते हळद," मी म्हणाले.

आईनं कॅनचं झाकण काढलं. मग आत जाऊन शिकेकाई घेऊन आली.

बाज उभी करून, वर साडी टाकून आडोसा केला. आतून आधी पाण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, आणि मग चक्क गाणं. वाहून आलेलं पाणी आईनं घमेल्यात धरून लिंबाला घातलं. कासारीण केस मोकळे सोडून बाहेर आली, ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. काकू तिच्याकडे बघतच राहिली. मग तेलाची बाटली घेऊन आली.

"बस हितं. केसाची पार सुतळी झालीय तुझ्या."

तेल लावता लावता दोघींच्या माहेरच्या गप्पा इतक्या रंगल्या की चहा दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी एका कॅनात हळद काही नीट निघाली नाही. मांडवात अंतरपाट दूर झाला, हार घातले, आणि नवरा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "कान पिवळेच ऱ्हायलेत की."

मी मान खाली घालून हसायला लागले. मागून काकू चिमटे काढत होती, तरी हसू काही थांबेना.