हळद लागलेला घाटा

चिखल्याच्या खाणीतलं मॅंगनीज तुमसरच्या स्टेशनावर टाकणारा एक जुना ट्रक, एवढीच आमची काका-पुतण्याची फर्म. पहिल्याच वर्षी इंजिन बसलं आणि आम्ही सपशेल घाट्यात गेलो. मी हातपाय गाळून बसलो होतो. पण टॅक्सच्या वकीलसाहेबांनी सांगितलं, तेव्हाच्या कायद्यानं निम्मा घाटा तुझ्या नावावर, निम्मा काकांच्या. दोघांनी आपापलं इन्कमटॅक्सचं रिटर्न मुदतीत भरलं तर तो पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा होईल. काय सांगू, मला नाचावंसं वाटलं! घाटासुद्धा जपून ठेवता येतो, हे तोवर कुणी बोललंच नव्हतं.

काकांचं म्हणणं वेगळं. कमाईच नाही तर सरकारात भरायचं काय? मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी त्यांची सही नाही. ती राहिली तर त्यांचा घाटा बुडणार आणि येणाऱ्या नफ्यावर पुरा टॅक्स बसणार. त्याच नफ्यावर त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं, लग्न करायचं होतं. त्यांचं रिटर्न घेऊन मी तडक दुरुस्त झालेला ट्रक काढला आणि बपेऱ्याला काकांच्या दारात थांबवला.

आत ताईची सुपारी फुटायची होती. मुलाकडचे पाहुणे सतरंजीवर बसलेले.

"तुले आजच येनं होतं काय बे?" काका दातओठ खात म्हणाले. "शुभ कामात घाट्याच्या कागदावर सही करू? पाव्हण्याईसमोर?"

"काका, उद्या केली तं रद्दी हाय ते!" मी असा ओरडलो की पाहुण्यांचे पोहे खायचे थांबले.

ताई उठली. ताटातली हळद बोटावर घेऊन तिनं रिटर्नच्या चारही कोपऱ्यांना लावली, लग्नपत्रिकेला लावतात तशी. मी हबकलोच. टाइप केलेला सरकारी कागद तो!

"झाला ना आता शुभ? करा सही, बाबा."

मुलाच्या वडिलांनी विचारलं, कसला कागद? काकांनी सगळा घाटा भर बैठकीत सांगून टाकला.

"आमचाही झाला होता मागं," मुलाचे वडील म्हणाले. "लाजेपायी दाखवलाच नाही. गेला तो. करा सही, मंग फोडू सुपारी."

त्या दिवशी मी ट्रक कसा हाणला ते माझं मलाच ठाऊक. भंडाऱ्याच्या ऑफिसातले बाबू कुलूप शोधत होते. पिवळे कोपरे पाहून म्हणाले, "पत्रिका आणली काय?" मी म्हटलं, "हो साहेब, पण शिक्का मारा!" शिक्का पडला तेव्हा मी व्हरांड्यात उडीच मारली.

पुढच्या वर्षी ट्रक झकास चालला. काकांना टॅक्स काहीच बसला नाही, लग्न थाटात झालं. पंगतीत व्याह्यांना आग्रहानं बुंदी वाढताना काका छाती फुगवून सांगत होते, "अजून थोडा घाटा शिल्लक हाय माह्यापाशी!"