माई तापिवाची तीन पोती

माई तापिवाला मी भित्री म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे. कुत्रं भुंकलं तरी पिठाचे हात छातीशी धरायची ती बाई. नवरा कामाला सीमेपलीकडे जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. मागे राहिली ती, नऊ वर्षांची लेक तापिवा आणि परसातली पाव भाजायची विटांची भट्टी. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावानं ओळखतात, तापिवाची आई ती माई तापिवा, शिंगाईची आई ती मी, माई शिंगाई. आमच्या मुचेके वस्तीत पाव म्हटला की तिचाच. गावातल्या मोठ्या दुकानांतला पाव आमच्या घशाखाली कधी उतरला नाही.

ही गोष्ट २००७ च्या जुलैची. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी मी म्हणत होती. सकाळी पावाची एक किंमत, दुपारी दुसरी. गव्हाची शेतं ओस पडलेली, सरकारकडे पैसा नाही, मग काय, छापा नोटा. नोटा आल्या की भाव वर, भाव वर गेले की आणखी नोटा. माझा नवरा मास्तर, त्याच्या पगारात महिन्याचा चहासुद्धा होईना. मग एके दिवशी रेडिओवर हुकूम आला, सगळ्या किमती आजच्या आज निम्म्या करा. जो ऐकणार नाही तो तुरुंगात. दुकान बंद ठेवील तोही तुरुंगात. आणि माल दडवील त्याचं तर विचारूच नका.

आम्ही टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू? तपासणीस ज्या दुकानात शिरतील त्यांच्यामागे अख्खी वस्ती पिशव्या घेऊन धावायची. साबण, बूट, तेल, जे हाताला लागेल ते निम्म्या किमतीत. दोन आठवड्यांत दुकानांतल्या फळ्यांवरची धूळ तेवढी उरली. मग टाळ्या थांबल्या.

माई तापिवाची अडचण सरळ होती. पीठ घेतलेलं हुकमाआधीच्या चढ्या भावानं आणि पाव विकायचा हुकमाच्या भावानं. सगळ्या पिठाचे पाव एकदम भाजून विकले तर पुढचं पोतं आणायचं कुठून? म्हणून ती रोज थोडेच पाव करायची, आणि तीन पोती तिनं निजायच्या खोलीत पलंगाखाली सारली. ती ओढताना मी कुंपणावरून पाहिलं. मी पाहिलेलं तिनंही पाहिलं.

"माई शिंगाई, तू काही पाहिलं नाहीस हं," ती म्हणाली.

"मी? अगं, पीठ पांढरं असतं की काळं तेसुद्धा विसरलेय मी," मी म्हटलं. ती हसली नाही.

चार दिवसांनी तिच्या दारात पोलिसांचा ट्रक थांबला. मागच्या बाजूला आमचा खाटीक बसला होता, हातात बेड्या, पायात चपलासुद्धा नाहीत. कोटवाला तपासणीस पुढच्या अंगणात त्या दिवशीचे पाव निम्म्यात विकायला लागला, माणसं त्याच्यावर तुटून पडली. हवालदार मुदझुरी एकटा घरात शिरला. मी बाजूला सरकून खिडकीशी गेले.

"पोती कुठायत?"

"कसली पोती, साहेब?"

"बाई, वेळ घालवू नका. पक्की खबर आहे. या खोलीत काय आहे?"

"तिथे मी निजते."

निजायच्या खोलीच्या दारात ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. तापिवा तिच्या मागे कमरेला मिठी मारून. ही गेली तर या पोरीला कोण बघणार, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात आलं.

हवालदार पुढे झाला. माई तापिवा म्हणाली, "आत जायच्या आधी एक सांगा, साहेब. तुमची बायको कुठली?"

"बायकोचं काय काढता मध्येच?"

"सांगा तर."

"झाकाची."

"आणि तिचं देवक?"

"सिंहाचं. का?"

"मीही झाकाची. मीही सिंहाच्याच देवकाची. एका देवकाच्या त्या एका घरच्या, म्हणजे मी तुमची सासू लागले." आवाज निघत नव्हता, तरी बोलली. "आता या आत. सासूच्या निजायच्या खोलीत जावई कसा शिरतो ते वस्तीला बघू दे."

तो गडी जागच्या जागी थांबला. पलंगाखालचं एक पोतं तिच्या पायांमागून पांढरं दिसत होतं. मला खिडकीतून दिसत होतं, म्हणजे त्याला नक्कीच. त्यानं टोपी काढली, उकिडवा बसला, सासूला मान द्यायच्या आमच्या रीतीनं हाताची ओंजळ करून हळू टाळी वाजवली.

"सासूबाई, चुकलो. ओळखलं नाही."

आणि तिला पाठ न दाखवता, मागे मागे सरकत तो बाहेर गेला. अंगणात येऊन म्हणाला, "काही नाही इथे."

कोटवाला खवळला. "मग खबर दिली कुणी?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. खबर मी दिली होती. आदल्या दिवशी नळावर त्यांची माणसं विचारत फिरत होती आणि माझी शिंगाई तीन दिवस कोऱ्या चहावर होती. मला वाटलं, सगळीकडे करतात तसं पोती बाहेर काढतील, तिथेच निम्म्यात विकतील, आणि रांगेत पहिली मी असेन. तुरुंगाचा विचारच केला नाही मी. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तिला कळलं तर? वस्तीला कळलं तर?

पुढच्या शुक्रवारी हवालदार मागच्या दारानं आला. साधे कपडे, हातात रिकामी पिशवी. उकिडवा बसून टाळी वाजवली. "सासूबाई, जावई आलाय."

आता जावयाला रिकाम्या हातानं कोण पाठवतं? तिनं दोन पाव पिशवीत घातले. मग तो दर शुक्रवारी यायला लागला. ना ती पैसे मागायची, ना तो काढायचा. शुक्रवार उजाडला की तिचा चेहरा पिठासारखा व्हायचा.

आणि दर शनिवारी ती अर्धा पाव वर्तमानपत्रात गुंडाळून कुंपणावरून मला द्यायची. "शिंगाईला दे," एवढंच म्हणायची. त्यातला मीही खायचे. वर वस्तीभर सांगत सुटले होते, माई तापिवाचा माझ्यावर केवढा जीव आहे म्हणून.

ऑक्टोबरात पीठ संपलं. हवालदारही यायचा थांबला. सीमेपलीकडे गेला म्हणाले, पोलिसांचा पगार तरी कुठे पुरत होता? त्या शनिवारी पाव आला नाही, म्हणून मीच तिच्याकडे गेले. ती परसात रिकामी पोती झटकत होती.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं. आता कुणाला सांगायचं त्याला सांग, माई शिंगाई."

"मी कशाला कुणाला..."

"पोती ओढताना फक्त तूच पाहिलं होतंस."

मी कसंबसं म्हटलं, "माहीत होतं, तर मग दर शनिवारी पाव का देत होतीस?"

तिनं पोत्याची घडी घातली. "त्याला शुक्रवारी का देत होते?"

एवढं बोलून ती घरात गेली. मी तिथेच उभी राहिले. कुंपणाशी मला पाहिलं की तिचे हात छातीशी जायचे, ते तीन महिने रोज पाहत होते मी. आणि मी मेली मनात म्हणायचे, कुठे कुत्रं भुंकलं असेल.