आमच्या साडूंचं ताडोबाप्रस्थान

प्रवासापेक्षा प्रवासाची तयारी मोठी, असं मानून त्यावर उभी हयात काढणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. अमडापुरात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो तेव्हा वाटलं, चला, घरचं माणूस जवळ आहे. माणूस जवळ होतं हे खरं, फक्त ते कायम कुठेतरी निघायच्या बेतात असे. चिखलीला बाजाराला जायचं तरी साडू वळकटी बांधत. साखरखेर्ड्याच्या एका लग्नाला जाताना त्यांच्या सामानात कंदील, फिरकीचा तांब्या आणि चांगला जाडजूड दोर होता. "दोर कायले हो?" मी विचारलं. "लग्नाचं घर हाये, मास्तर. गर्दीत कोनी हिरीत पडलं तं?" त्या लग्नात कोणीही विहिरीत पडलं नाही. परत येताना साडू जरा नाराजच दिसले.

पण ही सगळी किरकोळ तालीम. खरा बेत होता ताडोब्याचा. माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, आम्ही त्यांना ताई म्हणतो, या दोघी सोनाळ्याच्या. गावाच्या मागे सातपुडा. लहानपणी तिन्हीसांजेला डोंगरातून डरकाळी आली की आमचे सासरे दाराला अडसर घालत. ताई फटीला डोळा लावून बसत आणि त्यांना फटीतून गोठ्याची भिंत दिसे. बाईंनी वाघ आयुष्यभर पुरेल इतका ऐकला, पाहिला मात्र कधीच नाही. नव्या संसारात त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं आणि साडूंनी तिथल्या तिथे शब्द दिला, "तुले वाघ दाखोतो! मेळघाटातला नाही, ताडोब्याचा. सरकारमान्य!" पुढे पोरं झाली, ती शाळेत गेली, महाराष्ट्र राज्य झालं, वाघ काही झाला नाही. ताईंनी कधी तक्रार केली नाही. उन्हाळा लागला आणि साडूंनी नकाशा काढला, की त्या मुकाट्यानं चिवड्याचा डबा भरत. तो चिवडा दरवर्षी आम्हीच खाल्ला. त्यामुळे साडूंच्या बेतांबद्दल वाईट बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

तयारीत कसूर नव्हती. जंगलात मिसळून जावं म्हणून साडूंनी हिरव्या कापडाचा शर्ट-पायजमा शिवायला टाकला. गल्लीतले दर्जीचाचा माप घेता घेता म्हणाले, "शेठ, या कपड्यात तुमाले वाघ नाही पाह्यनार, पन गाय नाही सोडनार." साडू रागावले नाहीत. वाघ तेलाचा वास धरतो असं त्यांनी कुठेसं वाचलं आणि सबंध चैत्र महिना घरात कोणाच्या डोक्याला तेल लागू दिलं नाही. पोरं शाळेत झाडूसारखे केस घेऊन येत. मास्तर या नात्यानं मी त्यांना ओरडायचं आणि मावसा या नात्यानं गप्प बसायचं, अशी माझी ओढाताण चाले.

एका वर्षी मात्र पंचांगात असा मुहूर्त निघाला, की तो चुकवणं म्हणजे पाप. नेमक्या त्याच दिवशी सरकीच्या गाड्या आल्या. आता मुहूर्तावर निघणं जमलं नाही, तर आपलं थोडं सामान प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे आपण निघालो असं धरतात. यालाच प्रस्थान ठेवणं म्हणतात. ताडोब्याला जायचं ते चांद्यावरून; चांदा पूर्वेला आणि गल्लीच्या पूर्व टोकाला आमचं घर. साडूंचं प्रस्थान आमच्या ओसरीवर आलं. त्यात त्यांनी उशी, चष्मा, दाढीचं सामान आणि एकुलता एक कोट बांधून टाकला. ठेवलेलं प्रस्थान घरी परत नेलं तर प्रवास मोडतो. मग काय, साडू रोज सकाळी दाढी करायला आमच्याकडे, पेपर वाचायला आमच्याकडे, आणि दुपारी उशीसाठी आमच्याकडे. कोणी बारशाचं बोलावणं घेऊन आलं की दुकानाच्या गादीवर बसूनच सांगत, "मी नाही भाऊ, मी प्रवासात हावो." सरकी संपली, ढेप आली. साडू आमच्या ओसरीवर घोरत प्रवास करतच राहिले.

मग एका सकाळी साडू आमच्याकडे गालाला साबण लावून बसलेले असताना ताई ट्रंक घेऊन आमच्या दारात आल्या.

"काऊन वो, इकडे कायले?" साडू म्हणाले.

"मी निघाली. तुमचं सामान निघालं, मी का घरी बसू? आता वापस गेली तं प्रवास मोडते."

"आन् घरी चूल?"

"ते तुमी पाहा."

साडूंनी दोन वेळा स्वतःच्या हातचा भात खाल्ला आणि लगेच पोरांना आजोळी धाडून आम्ही चौघं चांद्याच्या गाडीत बसलो.

ताडोब्यात पहिला दिवस हरणांत गेला. दुसऱ्या सकाळी वनखात्याच्या उघड्या जीपमध्ये साडू पुढे ड्रायव्हरशेजारी, हिरव्या पोशाखात. आम्ही मागे गार्डसोबत. बांबूच्या बेटाजवळ वानरं एकदम खेकसली. गार्डनं हात वर केला, जीप थांबली. उपदेशाला हाच क्षण योग्य, असं साडूंना वाटलं. ते रस्त्याकडे पाठ करून आमच्याकडे वळले आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "आता ध्यान द्या. वाघ दिसला तं बोंबलाचं नाही. बोट दाखवाचं नाही. उभं राह्याचं नाही. मूर्तीवानी बसाचं, समजलं?"

त्यांच्या पाठीमागे बेटातून वाघ बाहेर आला. सावकाश रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्यानं साडूंच्या हिरव्या पाठीकडे पाहिलं, फारसं मनावर घेतलं नाही, आणि पलीकडच्या गवतात निघून गेला. आम्ही कोणी बोंबललो नाही, बोट दाखवलं नाही, उभे राहिलो नाही. इतके आज्ञाधारक विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाले नाहीत. ताईंनी माझ्या बायकोचं मनगट असं घट्ट धरलं होतं की एक बांगडी वाजली नाही.

"शाब्बास! अस्संच बसाचं," साडू खूश होऊन म्हणाले आणि वळले. समोर रिकामा रस्ता. गार्डनं तोंड उघडलं, पण ताईंनी मानेनंच नाही म्हटलं आणि त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला भाऊ, काढा गाडी."

परतीच्या गाडीत साडूंनी नकाशाची नीट घडी घातली. मग ताईंकडे न बघताच म्हणाले, "या खेपेले नाही जमलं. पन तुले वाघ दाखवल्याबिगर मी राहत नाही."

"हाव," ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर बायकोनं बहिणीला गाठलं. "ताई, सांगतलं काऊन नाही वो त्याईले?"

"माहा झाला पाहून," ताई म्हणाल्या. "त्याईचा राह्यला हाये ना अजून."

साडूंचा तो राहिला तो राहिलाच. ते होते तोवर दर उन्हाळ्यात त्यांचा नकाशा निघे. ताई सुपात गहू घेऊन समोर बसत. वाघ पाऊल कसं टाकतो, थांबतो कसा, माणसाकडे पाहतो कसा, हे साडू हातवारे करून सांगत. ताईंचे हात सुपातच थांबत, आणि त्या अगदी नवीन ऐकावं तसं विचारत, "हाव का वो? असा चालते?"