पहिल्या भेटीचे पाचशे

सुमनताई कुणाच्याही दारात गेल्या की आधी चपला काढायच्या आणि मग हात पुढे करायच्या. समोरच्या बाई नमस्कार करू लागल्या की म्हणायच्या, "ते राहू द्या. पाचशे रुपये द्या, मग कुत्रं दाखवा."

त्यांचा आणि माझा धंदा एकच. लोक गावाला निघाले की त्यांची कुत्री सांभाळायची. मी इंदिरानगरला माझ्या फ्लॅटमध्ये सांभाळायचे, त्या देवळाली कॅम्पात, अंगण असलेल्या बैठ्या घरात. कुत्रं ठेवून घ्यायच्या आधी एकदा त्याच्या घरी जाऊन त्याला भेटावं लागतं. या भेटीचे पैसे मी घेत नव्हते, माझ्या ओळखीतलं दुसरंही कुणी घेत नव्हतं. माझ्या भेटी म्हणजे थेट मुलगी बघण्याचा कार्यक्रम असायचा. सोफ्यावर बसायचं, चिवडा खायचा, लेकराचं कौतुक ऐकायचं आणि "कळवतो हं" एवढं पदरात पाडून पेट्रोल जाळत घरी यायचं. निम्मे लोक कधीच कळवायचे नाहीत.

सुमनताई मूळच्या दिंडोरीकडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. नवरा फौजेत, म्हणून कॅम्पात आल्या आणि तो गेल्यावर तिथेच राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, पदर खोचून स्कूटी हाकणाऱ्या. माझ्याकडे छापील कार्डं होती, कुत्र्यांच्या वागणुकीवरचा ऑनलाइन कोर्स केलेला होता, फोटोंचं इन्स्टाग्राम होतं. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. तरी गंगापूर रोडचे बंगलेवाले पैसे मोजून त्यांनाच बोलवायचे. उगाच मोठेपणाचा आव कशाला आणू? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका लॅब्रेडॉरसाठी मी त्या भागात दोनदा फुकट हेलपाटा घातला. काम मिळालं सुमनताईंना. मी फोन करून विचारलं, तर मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, त्या भेटायचेसुद्धा पैसे घेतात, म्हणजे त्यांना काहीतरी कळत असणार ना?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बरं, पैसे घेऊन त्या करायच्या काय? तर जमिनीवर बसायच्या, कुत्र्याकडे पाठ करून. चहा नाही, गप्पा नाहीत. मालक बोलायला लागला की म्हणायच्या, "तुमचं नंतर. आधी त्याचं ऐकू द्या." तासाभरानं उठायच्या आणि कधी कधी चक्क नकार द्यायच्या. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "याला मी नेणार नाय. हा घर सोडून राहायचा नाय, याच्याजवळ माणूस ठेवा." डॉक्टर चिडले आणि त्यांनी मला बोलावलं. मी आनंदानं उड्या मारत गेले. त्यांचा तो अल्सेशियन माझ्या घरी चार दिवस अन्नाला शिवला नाही, दार ओरबाडून त्यानं पंजे रक्तबंबाळ केले. डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली. राग मात्र मला आला सुमनताईंचा, कारण त्यांचं खरं ठरलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न कोल्हापूरला होतं, पाच दिवसांचा मुक्काम. प्रश्न माझ्याच बाळूचा होता. बाळू माझा चौदा वर्षांचा गावठी कुत्रा. माझ्याशिवाय कुणाच्या जवळ जाणारा नव्हता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. मी सुमनताईंना फोन लावला. खरं सांगते, निम्मं मन त्यांची परीक्षा घ्यायचं होतं. बाळू त्यांना हुंगणारसुद्धा नाही, मग बघू यांचे पाचशे!

त्या आल्या आणि हात पुढे केला.

"ताई, आपण एकाच धंद्यातल्या ना?" मी म्हटलं.

"म्हणून तर घ्यायला पायजे. फुकट आले की पुढचं काम धरावंच लागतं, आल्याचं वसूल करायला. पैसे घेतले की नाय म्हणायला तोंड राहतं."

मला डॉक्टरांचा अल्सेशियन आठवला. मी मुकाट्यानं नोट दिली.

त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाठ करून बसल्या. बाळू पलंगाखाली होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी मनातून खूश होत होते. मग बाळू सावकाश बाहेर आला, माझ्या पायांवरून पुढे गेला आणि त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुमनताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, तोंडाचा वास घेतला.

"पाणी लय पितो का गं?"

"उन्हाळा आहे ना, ताई."

"रात्री पण उठून पितो?"

पितच होता. मीच उठून भांडं भरत होते.

"हिरड्या पांढऱ्या पडल्यात याच्या. याला मी नेणार नाय, मीनल. दुसऱ्या कुणाकडं ठेवू नको. डॉक्टरला दाखव आणि तू पण जाऊ नको कुठं."

"माझं कुत्रं नको असेल तर सरळ सांगा ना!" मी ओरडलेच.

त्यांनी बाळूचं डोकं हलक्या हातानं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि निघून गेल्या. नोट घेऊन.

त्यांना खोटं पाडायला मी संध्याकाळी बाळूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मी लग्नाला गेले नाही. अकराव्या दिवशी सकाळी, माझ्या कुशीत, बाळू गेला. लग्नाला गेले असते तर त्यातले पाच दिवस त्यानं परक्या घरात माझी वाट बघत काढले असते.

मी सुमनताईंना फोन करून कळवलं.

"जवळ होतीस ना?"

"होते."

"मग झालं तर, बाई. रड आता."

पुढे त्या मुलीकडे इंदूरला राहायला गेल्या. जाताना आपली सगळी गिऱ्हाइकं त्यांनी माझ्याकडे पाठवली. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे. पण बाळूचा फोटो पुसायला घेतला की दर वेळी मनात तेच येतं. चौदा वर्षं मी त्याला सांभाळलं, आणि आपलं दुखणं सांगायला तो माझ्या पायांवरून तिच्याकडे गेला.